काठ विकू नका, मागची गल्ली भाड्यानं द्या

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या ऐन मध्यात बंदराची २२ हेक्टर जुनी जमीन रिकामी पडली आहे. काठाची लांबी १४०० मीटर. गोदामं बंद, धक्क्यावर गवत, आणि शहर व पाणी यांच्यामध्ये सहापदरी रस्ता. लोकांना फिरायला-बसायला जागा हवी आहे, नगरपालिकेला उत्पन्न हवं आहे. एका विकासकानं प्रस्ताव दिलाय: सगळा काठ स्वखर्चानं सजवून देतो, बदल्यात सगळी जमीन ९९ वर्षांसाठी एकगठ्ठा द्या. तो घ्यावा का? आणि सुरुवात कुठून करावी, एखाद्या मोठ्या आकर्षणापासून की काठावरच्या वाटेपासून?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: दोन्हींपासून नाही. सुरुवात भिंतीपासून आणि गटारापासून करायची. विकासकाचा प्रस्ताव आहे त्या रूपात घेऊ नका. का, ते सांगायला जरा लांबचा फेरा घ्यावा लागेल. माझी निम्मी नोकरी बंदरांच्या बांधकामांत गेली आणि निम्मी तीच बंदरं लोकांना खुली करण्यात. त्यामुळे कुठलाही देखणा आराखडा समोर आला की मी आधी पाण्याखाली काय आहे ते विचारतो. वास्तुविशारद मित्र यावरून माझी चेष्टा करतात, करोत.

ही जमीन रिकामी का झाली हे आधी समजून घ्या, कारण तुमची खरी ताकद त्यातच आहे. १९५६ साली पहिलं कंटेनर जहाज निघालं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहरांच्या पोटातली बंदरं निकामी झाली. जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी लागायला लागलं आणि कंटेनर रचायला मैदानं लागायला लागली. लंडनच्या गोद्या १९६७ ते १९८१ या काळात एकामागून एक बंद पडल्या. बंदर शहराबाहेर गेलं आणि मागे राहिली शहराच्या मध्यातली, सलग, बहुधा एकाच सार्वजनिक मालकाची जमीन. अशी जमीन शहराला पुन्हा मिळत नाही. इतरत्र रस्ता रुंद करायला दोनशे मालकांशी बोलावं लागतं, इथे एका टेबलावर काम होतं. ही एकमालकी पहिल्याच वर्षी कुणाला देऊन टाकणं म्हणजे हुकमाचा एक्का पहिल्या हाताला टाकण्यासारखं आहे.

एकमालकी म्हणालो, पण कागद उघडले की चित्र थोडं बदलतं. जमीन बंदराची, रूळ रेल्वेचे, रस्ता वेगळ्या खात्याचा, पाण्याखालचा तळ सरकारचा, गटारं नगरपालिकेची. मी एका बैठकीत विचारलं, तटभिंत कुणाची? सहा खात्यांचे अधिकारी बसले होते. प्रत्येकानं शेजारच्याकडे पाहिलं. त्या भिंतीवर कित्येक वर्षांत कुणी एक पैसा खर्च केला नव्हता, कारण ती कुणाच्याच वहीत नव्हती. तुमच्या शहरातही ती नसण्याचीच शक्यता जास्त.

आता ती भिंत. जुन्या धक्क्याची तटभिंत पुष्कळदा लोखंडी ताणसळयांनी मागे जखडलेली असते. सळईचं दुसरं टोक बरंच आत, जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यात अडकवलेलं. भरतीला समोरचं पाणी भिंतीला टेकू देतं. ओहोटीला ते उतरतं, पण मागच्या भरावात मुरलेलं पाणी तितक्या लवकर उतरत नाही. ते भिंतीला आतून बाहेर ढकलतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. हे पाणी निघून जावं म्हणून भिंतीला भोकं ठेवलेली असतात, ती बुजतात. मग पाणी सांध्यांतून वाट काढतं आणि जाताना भरावातली बारीक वाळू घेऊन जातं. वरची फरशी जागच्या जागी दिसते आणि तिच्या खाली पोकळी तयार होते.

एका कामावर आम्ही फरशी उचलून खड्डा घेतला होता. जुन्या नकाशात सळईची जाडी ६५ मिलिमीटर लिहिलेली. खड्ड्यात दिसली ती खरं तर त्याहून जाड, म्हणून बरोबरचा तरुण अभियंता खूश झाला. मजुरानं पहारीनं हलकं ठोकलं. गंजाचे पापुद्रे खाली गळून पडले आणि आत उरली ती जेमतेम अंगठ्याएवढी. मुकादम म्हणाला, "साहेब, ही भिंत सळईवर नाही, सवयीवर उभी आहे." त्याच भिंतीवर पुढच्या आठवड्यात भूमिपूजनाचा मंडप पडणार होता. मंडप मागे हलवला आणि भिंतीचं अंदाजपत्रक नव्यानं करायला घेतलं. ते आधीच्या दुपटीहून पुढे गेलं.

हे माझ्या एकट्याच्या नशिबी आलेलं नाही. सिॲटलची जुनी तटभिंत लाकडाच्या आधारावर होती आणि ते लाकूड ग्रिबल नावाच्या तिळाएवढ्या समुद्री किड्यांनी पोखरलं होतं. २०१२ मध्ये मतदारांनी २९ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली, २०१७ पर्यंत नवी भिंत झाली आणि मगच वरचं उद्यान. नवी भिंत बांधताना एक छान गोष्ट त्यांनी केली: पदपथात काचेचे ठोकळे बसवले, म्हणजे खालच्या पाण्यात उजेड जातो आणि काठाकाठानं जाणारी सामन माशांची पिल्लं अंधाराला बिचकत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१८ मध्ये फक्त तटभिंतीसाठी ४२.५ कोटी डॉलर उभे करायचं ठरवलं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन ब्रिज पार्कच्या धक्क्यांखाली हजारो लाकडी खांब आहेत. पाणी घाण होतं तोवर त्यांत कीड जगत नव्हती. पाणी स्वच्छ झालं, कीड परतली आणि खांब खायला लागली. आता एकेका खांबाला वेष्टण घालणं हा त्या उद्यानाचा मोठा खर्च आहे.

तुमच्या काठावर काय परिस्थिती आहे याचा अंदाज तुम्हाला आज, विनाखर्च घेता येईल. काठापासून दोन-तीन मीटर आत, काठाला समांतर अशी खचलेल्या फरशीची रांग दिसते का पाहा. जहाज बांधायचे लोखंडी खुंट पाण्याकडे कलले आहेत का पाहा. आणि ओहोटीला भिंतीच्या सांध्यातून गढूळ पाण्याची धार येत असेल तर समजा की वाळू निघून चालली आहे. जमिनीत तेल, डांबर, कोळसा मुरलेला असणार हे गृहीतच धरा. त्यासाठी बोअरहोल आणि प्रयोगशाळा लागते, नुसतं पाहून चालत नाही.

भिंतीनंतर पाणी. जुन्या शहरांत मैला आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जातं आणि जोराचा पाऊस झाला की ते मिश्रण सरळ काठावरच्या तोंडातून बाहेर पडतं. त्या तोंडाच्या डोक्यावर तुम्ही ग्रॅनाइटची वाट बांधा, कारंजं लावा, लोक नाकाला रुमाल लावूनच चालतील. स्पेनमधल्या बिलबाओचं नाव निघालं की सगळे १९९७ सालच्या गुगेनहाइम संग्रहालयाबद्दल बोलतात. तिथली नदी साफ करण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं आणि त्यावर संग्रहालयाच्या कित्येक पट पैसा गेला. मेट्रोही संग्रहालयाच्या दोन वर्षं आधी, १९९५ मध्ये आली. फोटो मात्र संग्रहालयाच्या टायटॅनियमच्या पत्र्याचे निघतात. गटाराचा फोटो कोण काढणार! कोपनहेगननं आधी पावसाळी ओव्हरफ्लो बंद केले, जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या आणि २००२ मध्ये ऐन शहरातल्या बंदरात पोहण्याची जागा उघडली. एकेकाळच्या व्यापारी बंदरात माणसं उघड्या अंगानं उड्या मारताहेत, याहून चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती. पॅरिसमध्ये सेन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. औस्टरलिट्झ स्थानकाजवळ ५० हजार घनमीटरची भूमिगत टाकी आणि आणखी बरीच कामं झाल्यावर जुलै २०२५ मध्ये लोकांना पाण्यात उतरता आलं. मोठा पाऊस झाला की अजूनही काही दिवस ते बंद ठेवावं लागतं.

तुमच्या १४०० मीटरमध्ये अशी गटाराची तोंडं किती आहेत, ती मोजून नकाशावर मांडा. ती बंद करून एका मोठ्या वाहिनीत घ्यायला पाच-सात वर्षं लागतील. म्हणून हे काम आज सुरू व्हायला हवं. वाट बांधून झाल्यावर तीच उकरून वाहिनी टाकण्याची पाळी मी पाहिली आहे. नव्या कोऱ्या फरश्यांवर क्रमांक टाकून त्या रचून ठेवल्या होत्या, आणि परत बसवताना क्रमांक पावसानं पुसले गेलेले.

तिसरी गोष्ट रस्ता, आणि इथेच राजकारण्यांचे पाय लटपटतात. सहापदरी रस्त्यापलीकडचा काठ म्हणजे लोकांच्या मनात दुसरं गाव. पादचारी पूल बांधून हे सुटत नाही. पन्नास पायऱ्या चढून पाणी बघायला कोण जातं? मी नवीन अभियंत्यांना एक काम देतो: सिग्नलवर उभं राहायचं आणि हातात पिशवी असलेल्या म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. सहा पदर म्हणजे वीसेक मीटर. सावकाश चालणाऱ्याला पंचवीस सेकंद तरी हवेत. सिग्नल पंधरा सेकंदांचा असेल तर तो मोटारींसाठीच लावलेला आहे.

रस्ता कमी केला तर वाहतूक कोलमडेल, असं तुम्हाला सगळे सांगतील. पोर्टलंडनं १९७४ मध्ये नदीकाठचा मोटाररस्ता काढून तिथे उद्यान केलं. सॅन फ्रान्सिस्कोत काठावरचा दुमजली उन्नत रस्ता पाडायचा प्रस्ताव १९८६ मध्ये मतदारांनीच फेटाळला होता. १९८९ च्या भूकंपात तो निकामी झाला, १९९१ पासून पाडायला घेतला आणि आज तो परत बांधा म्हणणारं कुणी भेटत नाही. पण भूकंपाची वाट बघणं ही काही योजना नव्हे. मला पॅरिसची रीत जास्त पटते. २००२ पासून दर उन्हाळ्यात महिनाभर नदीकाठचा जलदगती रस्ता बंद, वाळू आणि खुर्च्या मांडून. लोकांना सवय झाली. २०१३ मध्ये डाव्या काठाचा पट्टा कायमचा बंद केला, २०१६ मध्ये उजव्या काठाचे सव्वातीन किलोमीटर. तरीही उजव्या काठाचा आदेश २०१८ मध्ये न्यायालयानं रद्द ठरवला, कारण परिणामांचा अभ्यास कच्चा होता. महापालिकेनं वारसास्थळाच्या रक्षणाचं कारण देऊन नवा आदेश काढला आणि तो टिकला. म्हणून तुम्ही रविवारी सकाळी बंद करण्यापासून सुरू करा, पण पहिल्या रविवारपासून शेजारच्या रस्त्यांवरची वाहनं मोजून ठेवा. ही मोजणी कोर्टात लागेल.

पुराच्या पातळीबद्दल एकच सांगतो, कारण इथे हॅम्बुर्गनं जे केलं त्यापेक्षा चांगलं मला सुचलेलं नाही. १९६२ च्या वादळी पुरात त्या शहरात तीनशेहून जास्त माणसं गेली. पुढे जुन्या बंदरावर हाफेनसिटी ही नवी वस्ती उभारताना, आणि ही जागा मुख्य बांधाच्या बाहेर आहे हे लक्षात घ्या, त्यांनी सभोवती नवी उंच भिंत घातली नाही. इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीच्या भरावावर नेले आणि पाण्याजवळची वाट जुन्याच खालच्या पातळीवर ठेवली. मोठं पाणी आलं की वाट बुडते, पाणी उतरलं की धुऊन काढतात. उंच भिंत बांधली असती तर पाणी दिसलंच नसतं, आणि मग हा सगळा खटाटोप कशासाठी? तुमच्याकडे दोन पातळ्या ठेवा. खालच्या पातळीवर विजेचा एकही खोका नको आणि पाण्यानं फुगेल असं काही नको.

आता पैसा. काठावरच पैसा आहे हा समज इतका पक्का आहे, की तो खोडायला मला प्रत्येक शहरात निम्मा दिवस लागतो. साधा हिशेब करा. बाजारपेठेतल्या दुकानाला चारी दिशांनी गिऱ्हाईक येतं. काठावरच्या दुकानाला एकाच दिशेनं. दुसऱ्या बाजूला मासे आहेत. वारा, पाऊस, कडक ऊन असलं की त्या एका दिशेनंही गिऱ्हाईक येत नाही. सुट्टीच्या दिवशी जत्रा, मंगळवारी शुकशुकाट. बाल्टिमोरनं जुलै १९८० मध्ये बंदराच्या काठावर दुकानांचे दोन मंडप उघडले. जगभरची शिष्टमंडळं ते बघायला गेली आणि घरी जाऊन तसंच बांधती झाली. २०१९ मध्ये तेच मंडप डबघाईला येऊन न्यायालयानं नेमलेल्या प्रशासकाकडे गेले. काठावरची सार्वजनिक वाट मात्र तेव्हाही चालू होती, आजही आहे.

काठामुळे जे मूल्य वाढतं ते मागच्या दोन-तीन गल्ल्यांत उतरतं: घरांत, कचेऱ्यांत, कोपऱ्यावरच्या खाणावळीत. म्हणून काठ आणि पहिली इमारत यांच्यात निदान तीस मीटर मोकळे ठेवा, आणि शहरातल्या गल्ल्या सरळ पाण्यापर्यंत वाढवा. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्क सिटीचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. १९६८ मध्ये प्राधिकरण स्थापन झालं, भराव घालून ९२ एकर जमीन तयार केली आणि भव्य चौथऱ्यांवरच्या अवाढव्य वसाहतीचा आराखडा कागदावरच रखडला. १९७९ मध्ये नवा आराखडा आला. त्यात नवं असं काहीच नव्हतं. शहराचे रस्ते पुढे वाढवा, लहान भूखंड पाडा, पाण्याकडे सलग वाट ठेवा, एक तृतीयांशाहून जास्त जागा मोकळी. तो बांधला गेला. जमीन आजही प्राधिकरणाच्या मालकीची आहे, इमारती भाडेपट्ट्यावर उभ्या आहेत.

तुमच्या जागेत हे घालून पाहू. तीस मीटरचा काठ म्हणजे सव्वाचार हेक्टर. रस्ते, चौक, लहान बागा धरा सहा-सात. उरले अकरा हेक्टर, म्हणजे अडीच-तीन हजार चौरस मीटरचे चाळीसेक भूखंड. दर ऐंशी मीटरवर एक गल्ली पाण्याकडे उघडली तर सोळा-सतरा गल्ल्या होतात आणि तिसऱ्या रांगेतल्या कोपऱ्यावरूनही पाणी दिसतं. याउलट एकाच विकासकानं काठाला समांतर मोठे टॉवर लावले तर पाण्याची किंमत पहिल्या रांगेतल्या मोजक्या इमारती खाऊन टाकतात आणि मागच्या सगळ्या जुन्या वस्तीला त्यांच्या पाठी दिसतात.

आणि किंमत कधीची? आज ती जमीन दूषित आहे, भिंत सडकी आहे, वास येतोय. आजची किंमत ही चिखलाची किंमत आहे. पाच वर्षांनी भिंत, पाणी आणि रस्ता झाला की त्याच भूखंडाचं बोलणं वेगळ्या आकड्यावर सुरू होईल. विकासकाला हे तुमच्याइतकंच कळतं. तो फुकट वाट बांधून देतोय ती त्यासाठीच. त्याच्या प्रस्तावातली 'वाट' म्हणजे जुन्या भिंतीवरची फरशी, दिवे आणि झाडं आहेत का, की नवी भिंतसुद्धा आहे, हे त्याला लेखी विचारा. माझा अंदाज आहे की भिंत तुमच्याच माथी राहील.

जमीन द्यायची पद्धत हॅम्बुर्गकडून उचला. तिथे विकासकाला भूखंड लगेच विकत नाहीत. त्याला तो ठरावीक मुदतीसाठी राखून देतात. त्या मुदतीत त्यानं वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, नकाशे पूर्ण करायचे, परवानगी मिळवायची. मगच व्यवहार पूर्ण. जमला नाही तर भूखंड परत. निवडीत किमतीपेक्षा इमारतीचा उपयोग काय आहे, तळमजल्यावर काय आहे, याला जास्त वजन. यानं जमीन अडवून बसणारे आपोआप गळतात. तुम्ही विक्रीऐवजी भाडेपट्टा ठेवा, साठ-सत्तर वर्षांचा, भुईभाडं ठरावीक वर्षांनी फेरआकारणीचं. दरवर्षी तीन-चार भूखंडांहून जास्त बाहेर काढू नका. मंदी येईल तेव्हा थांबता आलं पाहिजे. लंडनच्या जुन्या गोदीवर कॅनरी व्हार्फ ही कचेऱ्यांची वस्ती उभारणारी कंपनी १९९२ मध्ये बुडाली, तेव्हा टॉवर उभे होते आणि तिथे मोठी भुयारी रेल्वे पोचायला १९९९ उजाडलं. टॉवर आधी आणि गाडी नंतर, याची किंमत त्यांनी मोजली.

शेजारच्या खासगी मालकांचीही जमीन तुमच्या कामामुळे वधारणार आहे. त्यातला वाटा मागायला संकोचू नका. सिॲटलनं काठाच्या आसपासच्या मालमत्ताधारकांकडून १६ कोटी डॉलरची सुधार आकारणी केली. आरडाओरडा झाला, दावेही झाले, पण पैसे आले.

देखभालीचा पैसा वेगळ्या खात्यात, पहिल्या दिवसापासून. खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीललाही तांबूस डाग पडतात, लाकडी फळ्या दहा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात, दिव्यांचे खांब तळाशी गंजतात. ब्रुकलिन ब्रिज पार्कमध्ये दहा टक्क्यांहून कमी जमिनीवर इमारतींना परवानगी आहे आणि तिथून येणाऱ्या उत्पन्नावर सगळं उद्यान चालतं. तुमच्याकडे भुईभाड्याचा ठरावीक हिस्सा थेट या खात्यात जाईल असं ठरावातच लिहा. सर्वसाधारण तिजोरीत गेलेला पैसा काठाकडे परत येत नाही, हे मी तीन महापौर बदलताना पाहिलं आहे.

लोकांचा हक्क कागदावर कसा लिहिता, याला मी भिंतीइतकंच महत्त्व देतो. 'विकासक जागा जनतेसाठी खुली ठेवील' हे वाक्य निरुपयोगी आहे. रात्री नऊला साखळी लागते, फोटो काढू नका म्हणून रखवालदार येतो, लग्नासाठी आठवडाभर मंडप पडतो. वाटेची मालकी नगरपालिकेची आणि वाट चोवीस तास रस्त्याच्या दर्जाची, असंच हवं. मॅसॅच्युसेट्समध्ये भरतीच्या पाण्याखालच्या, अगदी भराव घातलेल्या जमिनीवरही लोकांचा हक्क मानणारा कायदा १८६६ पासून आहे. बोस्टनमधली मैलोन्मैल सलग काठवाट त्याच्या जोरावर एकेका इमारतीकडून वसूल केलेली आहे.

जे लोक आज तिथे आहेत त्यांच्याबद्दल. तुम्ही 'रिकामी जमीन' लिहिलं आहे, पण मी पैजेवर सांगतो की तिथे दोन-चार होडीदुरुस्तीवाले, गळ टाकून बसणारे, एखादं बर्फाचं किंवा जाळ्यांचं दुकान असेलच. सिंगापूरनं १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत नदी साफ केली. फेरीवाल्यांना पक्के गाळे दिले, मालवाहू होड्या १९८३ मध्ये दुसरीकडे हलवल्या. नदी खरोखर स्वच्छ झाली, पण जिच्यामुळे ती ओळखली जायची ती वर्दळ गेली आणि काठाला पुन्हा जीव यायला बरीच वर्षं गेली. व्हँकूव्हरच्या ग्रॅनव्हिल बेटावर बाजार, नाट्यगृहं आणि कारागिरांच्या कार्यशाळांच्या मधोमध काँक्रीटचा कारखाना चालू ठेवला. ट्रक येतात-जातात, मुलं थांबून बघतात. काठावर कुणीतरी काम करत असेल तर बघणाऱ्याला बघायला काहीतरी असतं. शंभर-दीडशे मीटर धक्का होड्यांसाठी राखा, पाण्यात उतरायच्या पायऱ्यांसकट.

वाटेच्या रचनेबद्दल सल्लागार तुम्हाला जाडजूड अहवाल देतील. मी चारच गोष्टी बघतो: सावली, बसायला पाठ असलेली जागा, स्वच्छतागृह आणि प्यायचं पाणी. एका शहरात आमचे महागडे दगडी बाक सगळे पाण्याकडे तोंड करून होते. तीन संध्याकाळी वही घेऊन मोजलं. बाक निम्मे रिकामे, आणि समोरच्या झाडांच्या गुडघाभर कट्ट्यावर गर्दी. कारण कट्ट्यावरून पाणीही दिसतं आणि येणारी-जाणारी माणसंही. पुढच्या टप्प्यात बाक काढले आणि कट्टा लांबवला, स्वस्तात पडलं.

आकर्षण शेवटी. संग्रहालय, मत्स्यालय, नाट्यगृह, काय ते आठव्या-दहाव्या वर्षी ठरवा, तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल की लोक कुठे थांबतात. त्याच हॅम्बुर्गमध्ये काठावरचा संगीताचा महाल जानेवारी २०१७ मध्ये उघडला तेव्हा करदात्यांचा वाटा मूळच्या ७.७ कोटी युरोंवरून ७८.९ कोटींवर गेला होता. सभागृह अप्रतिम आहे, मी ऐकून आलोय. पण तो धक्का पचवायला त्या शहराकडे पैसा होता.

तर विकासकाला असं लिहून द्या: सगळी जमीन नाही. दक्षिणेकडचे किंवा जिथे भिंत सर्वात बरी आहे तिथले तीन भूखंड, अठरा महिन्यांच्या राखीव मुदतीवर, भाडेपट्ट्यानं. काठाची मालकी आमची, भिंत आम्ही बांधतो, तुमचं भुईभाडं त्या भिंतीच्या कर्जफेडीला लागेल. तो उठून गेला तर जाऊ द्या, दुसरा येईल. आणि पत्र पाठवण्याआधी येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या ओहोटीला पाणी सर्वात खाली असतं तेव्हा, एक होडी भाड्यानं घेऊन १४०० मीटर भिंत समोरून पाहून या. टॉर्च आणि कॅमेरा न्या. दर वीस मीटरला एक फोटो, प्रत्येकात मोजपट्टी धरलेली. सत्तर फोटो होतील. ते मला पाठवा, मग भिंतीचं बोलू.